घरून लढाईवर गेलेली कुत्री

लंडनच्या मार्बल आर्च स्टेशनातून वर आलं आणि हाइड पार्कच्या कडेकडेने दक्षिणेला चालू लागलं की ब्रुक गेटपाशी, पार्क लेनच्या ऐन मधोमध, पोर्टलंडच्या पांढुरक्या दगडाची एक वळणदार भिंत लागते. दोन्ही अंगांनी बस आणि टॅक्स्या धावत असतात. सिग्नल पडेपर्यंत थांबायचं, मग रस्ता ओलांडायचा. भिंतीच्या अलीकडे ब्राँझची दोन खेचरं पाठीवरचं ओझं सावरत पायऱ्या चढताहेत. वर भिंतीला खिंडार आहे. खिंडारापलीकडच्या हिरवळीवर एक घोडा आणि एक कुत्रा. घोडा पुढे निघालेला आहे. कुत्र्याने मात्र मान मागे वळवली आहे; जे मागे राहिले त्यांच्याकडे तो बघतो आहे.

युद्धात कामी आलेल्या प्राण्यांचं हे स्मारक. जिली कूपर या लेखिकेचं युद्धातल्या प्राण्यांवरचं पुस्तक १९८३ मध्ये निघालं, त्यावरून स्मारकाची कल्पना पुढे आली. शिल्पकार डेव्हिड बॅकहाउस यांनी ते घडवलं आणि नोव्हेंबर २००४ मध्ये राजकन्या अ‍ॅन यांनी त्याचं अनावरण केलं. ब्रिटिश आणि मित्रफौजांबरोबर जे जे प्राणी आजवर राबले आणि मेले, त्या सर्वांना ते अर्पण केलेलं आहे. तसा लेख दगडात कोरला आहे आणि त्याच्यापासून वेगळं, एकटं असं एक छोटं वाक्य आहे: त्यांना दुसरा मार्ग नव्हता.

खेचरांपाशी भारतीय माणसाचा पाय रेंगाळावा, असं मला वाटतं. १९३९ च्या अखेरीस ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून खेचरांच्या तुकड्या आपल्या माणसांसकट फ्रान्सला नेल्या. 'के-६' असं त्या दलाचं नाव. पुढच्या उन्हाळ्यात डंकर्कची माघार झाली. माणसं बोटींत चढली. खेचरांना बोटींत जागा नव्हती, ती फ्रान्समध्येच राहिली. पंजाबातून समुद्रापार नेलेल्या त्या जनावरांचं पुढे काय झालं असेल, हा विचार करत मी त्या ब्राँझच्या पाठीवर हात ठेवला. उन्हाने ती तापलेली होती.

पण मी आले होते कुत्र्यासाठी. घोडा, खेचर, बैल यांना लढाईत नेलं ते पाठीच्या बळासाठी. कुत्र्याकडून हवं होतं ते निराळं: त्याचं नाक, त्याचे कान, आणि सगळ्यात जास्त म्हणजे माणसावरचा त्याचा जीव. हा जीव लष्कराने कसा कामाला लावला, आणि काम झाल्यावर त्या कुत्र्यांचं काय केलं, हे समजून घ्यायला मी लंडनच्या पूर्वेला निघाले. इलफर्डला माझी भाची राहते. ती म्हणाली, "मावशी, लोक लंडनला येऊन राजवाडा बघतात, तू शूबरीनेसला निघालीस?" पण गाडीचं वेळापत्रक तिनेच काढून दिलं.

फेनचर्च स्ट्रीट हे लंडनमधलं लहानसं टर्मिनस. तिथून सुटलेली गाडी लाइमहाउस, वेस्ट हॅम, बार्किंग करत एसेक्समध्ये शिरते. बेनफ्लीट मागे पडलं की उजव्या हाताला थेम्सचं मुख उघडतं. मी गेले तेव्हा ओहोटी होती. नजर जाईल तिथवर करडा, चकचकीत चिखल आणि त्यात कलंडून पडलेल्या होड्या. ली-ऑन-सी आणि चॉकवेलला रूळ पाण्याच्या इतके जवळून जातात की खिडकीतून किनाऱ्यावरचे पक्षी ओळखता येतात. साउथएंडला डबा जवळजवळ रिकामा झाला. तासाभराच्या या प्रवासातलं शेवटचं स्टेशन शूबरीनेस.

हे गाव तोफांचं. लष्कराची तोफखान्याची शाळा इथे १८५९ मध्ये निघाली. जुन्या छावणीतल्या विटांच्या बराकींत आता बिऱ्हाडं राहतात, दारांत सायकली आणि फुलांच्या कुंड्या आहेत. समुद्राकडेच्या गनर्स पार्कमध्ये तोफा बसवण्याची जुनी ठाणी गवतात उभी आहेत. गावाच्या पूर्वेचा किनारा आजही संरक्षण खात्याच्या चाचणी-क्षेत्रात मोडतो, आणि चाचणी असली की स्फोटांचा आवाज पार साउथएंडपर्यंत ऐकू जातो.

ब्रिटिश लष्कराने कुत्र्यांची पहिली शाळा १९१७ मध्ये इथेच का काढली, याचं उत्तर या आवाजात आहे. तोफेला न बिचकणारं कुत्रं हवं होतं, आणि शूबरीनेसला तोफा रोजच धडाडत.

शाळा काढणारा माणूस लेफ्टनंट कर्नल एडविन रिचर्डसन. कुत्री पाळणं, शिकवणं हा त्याचा आणि त्याच्या पत्नीचा कितीतरी वर्षांचा ध्यास. जर्मनांनी लष्करासाठी कुत्री तयार करायला घेतली आहेत हे त्याने महायुद्धाच्या पुष्कळ आधी पाहिलं होतं आणि तो इंग्लंडच्या युद्धखात्याचे उंबरे झिजवत होता. कोणी मनावर घेतलं नाही. १९१४ मध्ये युद्ध पेटलं तरी घेतलं नाही. डोळे उघडले ते खंदकांच्या चिखलात. तोफांच्या माऱ्यात टेलिफोनच्या तारा तुटत. त्या जोडायला गेलेला माणूस परत येईलच असं नव्हतं. चिठ्ठी घेऊन पळणारे शिपाई वाटेत मरत. कबुतर रात्री आणि धुक्यात उपयोगाचं नाही. तेव्हा आघाडीवरच्या एका तोफखाना-अधिकाऱ्याने रिचर्डसनकडे निरोप्या कुत्र्यांची मागणी केली. १९१६ च्या शेवटी वुल्फ आणि प्रिन्स ही दोन एअरडेल कुत्री फ्रान्सला गेली आणि तारा तुटलेल्या असताना त्यांनी चिठ्ठ्या पोचवून दाखवल्या. मग शाळेला परवानगी मिळाली.

पहिले विद्यार्थी आले ते दक्षिण लंडनमधल्या बॅटरसीच्या बेवारस कुत्र्यांच्या आश्रमातून. ज्यांना कोणी न्यायला आलं नसतं तर मारूनच टाकलं असतं, अशी ही कुत्री. बर्मिंगहॅम, लिव्हरपूल, ब्रिस्टल, मँचेस्टर इथल्या आश्रमांतूनही मागवली. तीही पुरेनात, तेव्हा सरकारने लोकांना आवाहन केलं: तुमच्या घरचा कुत्रा द्या. आणि लोकांनी दिला. ज्या घरांतून नवरा गेला होता, मुलगे गेले होते, त्या घरांतल्या बायकांनी कुत्राही पाठवला. लहान मुलांनी आपल्या कुत्र्याबरोबर चिठ्ठ्या पाठवल्या. कोली, एअरडेल, लर्चर, मेंढपाळांची कुत्री आणि ज्यांची जात सांगता येत नाही अशी पुष्कळ.

शिकवण्याची पद्धत ऐकताना साधी वाटते. सकाळी उपाशीपोटी कुत्र्यांना शाळेपासून दूर न्यायचं. वाटेत काटेरी तारा, पेटवलेलं गवत, धुराचे लोट, बंदुकांचे बार. तिथून मोकळं सोडायचं. जो धावत शाळेकडे परत येतो त्याला खायला मिळतं. उशीर केला म्हणून मारायचं नाही, रागवायचंही नाही. रिचर्डसनचं म्हणणं होतं की हे काम धाकाने होत नाही. फ्रान्समध्ये प्रत्येक रक्षकाकडे तीन कुत्री असत. रक्षक मागच्या ठाण्यावर थांबायचा. कुत्र्यांना दुसरे शिपाई पुढच्या खंदकात घेऊन जायचे. चिठ्ठी लिहून झाली की ती कुत्र्याच्या गळपट्ट्याला लावलेल्या पत्र्याच्या नळीत घालायची आणि त्याला सोडायचं. कुत्रा सुटायचा तो थेट आपल्या माणसाकडे, तोफगोळ्यांच्या खड्ड्यांतून, मेलेल्या माणसांवरून.

आणि इथे एक हुकूम होता. पुढच्या खंदकातल्या शिपायांनी या कुत्र्यांना खायला घालायचं नाही, त्यांचे लाड करायचे नाहीत.

या हुकमापाशी माझं मन अडकलं ते अजून सुटलेलं नाही. खंदकातली ती विशी-बाविशीची पोरं, महिनोन् महिने घर न पाहिलेली. त्यांच्या पायाशी घरातून आलेलं एक कुत्रं बसलेलं आहे, कदाचित त्यांच्याच गल्लीतलं. त्यांच्या हातातल्या डब्यात मांसाचा तुकडा आहे. पण त्याच्याकडे बघायचं नाही, त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा नाही. कारण त्याला इथे थोडी जरी माया मिळाली तर त्याचा मागे धावण्याचा वेग कमी होईल. सगळी यंत्रणा एवढ्याच गोष्टीवर उभी होती की त्या कुत्र्याचं जगात एकच माणूस असावं आणि ते माणूस मागे असावं. नीट विचार केला तर घराची ओढच इथे हत्यार म्हणून वापरली गेली. रिचर्डसन निष्ठुर नव्हता, कुत्र्यांवर त्याचा जीव होता, आणि त्या चिठ्ठ्यांनी माणसं वाचली हे खरंच आहे. तरीही मला तो हुकूम वाचवत नाही.

गनर्स पार्कच्या किनाऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ आपल्या कुत्रीला चेंडू टाकत होते. मी रिचर्डसनच्या शाळेबद्दल विचारलं तर म्हणाले, "इथेच कुठेतरी होती, माझे आजोबा सांगायचे." तेवढ्यात कुत्री चेंडू न आणताच परत आली आणि त्यांच्या बुटांवर पाय ठेवून उभी राहिली. त्यांनी खिशातून बिस्किट काढून दिलं.

शाळा पुढे न्यू फॉरेस्टच्या जंगलात हलली आणि युद्ध संपल्यावर बंद झाली. दुसरं महायुद्ध आलं तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यापासून उभं करावं लागलं.

त्या दुसऱ्या युद्धाच्या खुणा इलफर्डजवळ आहेत. मार्बल आर्चहून सेंट्रल लाइनची गाडी पकडली की न बदलता रेडब्रिजला जाता येतं. लेटनस्टोन सोडल्यावर गाडी पुन्हा बोगद्यात शिरते. हा बोगदा १९३९ च्या आधी खणायला घेतला होता. युद्धामुळे रूळ टाकायचे राहिले. मग लेटनस्टोनपासून गँट्स हिलपर्यंतच्या या जोडबोगद्यांत प्लेसी कंपनीने विमानांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना थाटला. वर बॉम्ब पडत असताना खाली बायका पाळ्यांमध्ये काम करत होत्या. गाड्या सुरू झाल्या त्या १९४७ च्या डिसेंबरात. माझ्या समोरच्या बाकावर सलवार-कमीजमधल्या दोघी जणी भाजीच्या पिशव्या पायांशी घेऊन पंजाबीत बोलत होत्या. या भागात आता आपल्याकडची माणसं फार. इलफर्ड लेनवर जिलबीपासून शालूपर्यंत सगळं मिळतं.

रेडब्रिज स्टेशनातून वर आलं की चालत जाण्याजोग्या अंतरावर वुडफर्ड ब्रिज रोडवर पीडीएसएचा प्राण्यांचा दवाखाना आहे आणि त्याला लागूनच प्राण्यांचं कब्रस्तान. पीडीएसए ही संस्था मारिया डिकिन या बाईंनी काढली. लंडनच्या पूर्व भागातल्या गरिबांची आजारी जनावरं पाहून त्यांनी १९१७ मध्ये व्हाइटचॅपलमधल्या एका तळघरात फुकट दवाखाना सुरू केला. ज्या वर्षी शूबरीनेसला लढाईची कुत्री तयार होऊ लागली, त्याच वर्षी. कब्रस्तान १९२० च्या दशकातलं. तीन हजारांहून जास्त प्राणी इथे पुरलेले आहेत. बहुतेक घरगुती मांजरं, कुत्री, पोपट. लहान लहान दगड, गुडघ्याएवढेही नाहीत. त्यांवर नावं, वर्षं आणि घरच्यांनी लिहिलेली चार शब्दांची आठवण. मधूनच एखाद्या पांढऱ्या दगडावर पदकाची खूण दिसते. ते युद्धातले.

पण त्या दगडांकडे वळण्याआधी शेजारच्या जमिनीबद्दल सांगायला हवं. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने युद्ध जाहीर केलं. त्याआधीच सरकारने प्राण्यांसाठी नेमलेल्या एका समितीचं पत्रक लोकांच्या हाती पडलं होतं: जमलं तर आपली जनावरं खेड्यात पाठवा, कोणाकडे सोय झाली नाही तर त्यांना संपवणं हेच दयेचं ठरेल. हा सल्ला होता, सक्ती नव्हती. तरी लोकांनी दवाखान्यांपुढे रांगा लावल्या. हिल्डा कीन या इतिहासकार बाईंनी २०१७ च्या आपल्या पुस्तकात या घटनेचा सविस्तर मागोवा घेतला आहे; त्या पहिल्या आठवड्यात एकट्या लंडनमध्ये सुमारे ४ लाख कुत्री-मांजरं मारली गेली, असं त्यांनी दाखवलं. क्लोरोफॉर्म अपुरा पडला. प्रेतांची विल्हेवाट लावायची कशी हा प्रश्न आला, तेव्हा पीडीएसएने आपल्या इलफर्डच्या मोकळ्या रानात मोठ्या प्रमाणावर दफन केलं. डिकिनबाईंची संस्था प्राणी वाचवण्यासाठी निघालेली; तिच्या माणसांवर हे काम करण्याची वेळ आली. बॅटरसीचा आश्रम लोकांना सांगत होता, घाई करू नका. ऐकलं थोड्यांनी.

लंडनवर सलग बॉम्बफेक सुरू झाली ती वर्षभरानंतर, सप्टेंबर १९४० मध्ये.

मी तिथल्या एका बाकावर बसले. लोकांना दोष देणं मला जमत नाही. विषारी वायूची भीती होती, मुलांना खेड्यात पाठवण्याची तयारी चालली होती, घरातले पुरुष लष्करात निघाले होते. आपल्या कुत्र्याने आगीत होरपळून मरण्यापेक्षा आपल्या कुशीत झोपी जावं, असं ज्यांना वाटलं त्यांनी मायेनेच ते केलं असेल. पण ती माया घाईची होती, आणि ज्यांनी त्या आठवड्यात धीर धरला त्यांच्या घरातल्याच कुत्र्यांनी पुढे काय केलं ते इथल्या दगडांवर लिहिलेलं आहे.

त्यातला रिप आधी. पूर्व लंडनमधल्या पॉपलरमध्ये १९४० च्या एका हवाई हल्ल्यानंतर हवाई संरक्षण दलाच्या एका स्वयंसेवकाला हे बेवारस कुत्रं सापडलं. त्याने खायला घातलं, कुत्रं त्याच्या मागे फिरू लागलं. कोणी शिकवलेलं नसताना ते ढिगाऱ्यांवर हुंगायचं, पायांनी उकरायचं आणि खाली माणूस आहे हे सांगायचं. वर्षभरात शंभराहून जास्त माणसं रिपमुळे जिवंत बाहेर निघाली. ढिगाऱ्यातली माणसं शोधायला कुत्री पद्धतशीर शिकवावीत हे अधिकाऱ्यांना पटलं त्यात रिपचा मोठा वाटा. १९४६ मध्ये तो गेला. ब्रिटनच्या लढाईत त्याने आपला वाटा उचलला असं त्याच्या दगडावर कोरलेलं आहे. जवळच ब्यूटी आहे, पीडीएसएच्याच एका कर्मचाऱ्याची टेरिअर. मालकाबरोबर ती जखमी जनावरं शोधायला जायची आणि एके दिवशी स्वतःच उकरायला लागली. तिने ६३ प्राणी वाचवले.

यांना मिळालेलं पदक डिकिनबाईंनीच १९४३ मध्ये सुरू केलं. ब्राँझचं, हिरव्या, तपकिरी आणि फिक्या निळ्या फितीचं: समुद्र, जमीन, आकाश. १९४९ पर्यंत ते ५४ वेळा दिलं गेलं. त्यांत ३२ कबुतरं, १८ कुत्री, ३ घोडे आणि एकच मांजर. ते मांजर, 'अ‍ॅमेथिस्ट' या युद्धनौकेवरचा सायमन, तोही इथेच आहे.

अँटिसच्या दगडापुढे मात्र मी बराच वेळ उभी होते. दगडावर त्याच्या माणसाच्या भाषेत, चेकमध्ये, मरेपर्यंत इमानी अशा अर्थाचे शब्द आहेत. १९४० मध्ये फ्रान्समध्ये व्हाक्लाव बोझ्देख या चेक हवाई सैनिकाला दोन फौजांच्या मधल्या ओसाड पट्ट्यात हे अल्सेशियनचं पिल्लू सापडलं. फ्रान्स पडल्यावर दोघंही इंग्लंडला आले. रॉयल एअर फोर्सच्या ३११ क्रमांकाच्या चेक तुकडीत बोझ्देख बॉम्बर विमानात असायचा आणि अँटिस त्याच्याबरोबर विमानात. दोनदा तो जखमी झाला. युद्धानंतर दोघं मायदेशी परतले, पण १९४८ मध्ये तिथे कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि इंग्लंडकडून लढलेल्यांच्या जिवाला धोका निर्माण झाला. माणूस आणि कुत्रा रात्रीच्या अंधारात सरहद्द ओलांडून पश्चिम जर्मनीत निसटले. जानेवारी १९४९ मध्ये अँटिसच्या गळ्यात डिकिन पदक घातलं ते फील्ड मार्शल वेव्हेल यांनी. आपल्याकडे दोन वर्षांपूर्वीपर्यंत जे व्हाइसरॉय होते, तेच. १९४७ ला दिल्लीहून परतलेल्या त्या अबोल सेनानीच्या वाट्याला हेही काम आलं हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

पदकं मिळाली, दगड बसले. पण युद्धात राबलेल्या कुत्र्यांतल्या फार थोड्यांच्या वाट्याला हे आलं. बाकीच्यांचं काय झालं हा प्रश्न कुठल्याही देशाला सोपा गेलेला नाही. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने सुमारे ४ हजार कुत्री वापरली. कागदोपत्री ती लष्करी सामान होती, आणि फौज निघाली तेव्हा सामानासारखीच मागे राहिली. अगदी थोडी परत आली. ज्यांनी त्यांना हाताळलं त्या शिपायांनी हे दुःख आयुष्यभर बोलून दाखवलं. सेवानिवृत्त कुत्रा त्याच्या हँडलरला घरी नेता यावा यासाठीचा कायदा तिथे व्हायला २००० साल उजाडलं.

आणि आपल्याकडे? आपल्या सैन्याची कुत्री मेरठला रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात तयार होतात. ऑगस्ट २०१५ मध्ये मानसी ही लॅब्रेडॉर काश्मीरमध्ये घुसखोरांचा माग काढताना आपल्या हँडलरसह, बशीर अहमद वार यांच्यासह, मारली गेली. तिचं नाव मरणोत्तर सैन्याच्या गौरवपत्रात आलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागजवळ झूमने दोन गोळ्या लागूनही अतिरेक्यांना सोडलं नाही आणि तीन-चार दिवसांनी श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात त्याने प्राण सोडला. ज्या २०१५ मध्ये मानसी गेली, त्याच वर्षी माहितीच्या अधिकारातून दुसरी गोष्टही उजेडात आली: सेवेच्या कामाची न राहिलेली कुत्री आपलं सैन्य इंजेक्शन देऊन संपवत होतं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि सरकारने हे धोरण बदलत असल्याचं सांगितलं. मला हे लिहितानाही जड जातं. ज्याने सुरुंग हुंगून आपल्या जवानांचे पाय वाचवले त्याचं म्हातारपण आपल्याला परवडत नव्हतं, यावर विश्वास ठेवणं कठीण आहे. आता मेरठला निवृत्त कुत्री सांभाळतात, लोकांना दत्तकही देतात. २०२४ मध्ये मेरू नावाचा नऊ वर्षांचा माग काढणारा कुत्रा निवृत्त झाला, तेव्हा तो आपल्या हँडलरबरोबर रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातून मेरठला गेला. तो फोटो मी भाचीला दाखवला. तिच्या मुलाने तो मोठा करून तीन-तीनदा पाहिला.

संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात पोहे परतता परतता मी त्या दोघांना रिकी आणि खानची गोष्ट सांगितली. ही कुत्री इलफर्डला पुरलेली नाहीत, पण रेडब्रिजहून परत येताना माझ्या डोक्यात तीच होती.

१९४१ मध्ये युद्धखात्याने पुन्हा लोकांकडे घरची कुत्री मागितली. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी आपला कुत्रा मारला नव्हता, त्यांच्याकडे. ती उसनी घ्यायची, युद्ध संपल्यावर परत द्यायची, असा करार होता. शिधापत्रकावरच्या अन्नात कुत्र्याचं पोट भरणं अवघड झालं होतं, त्यामुळे काहींनी त्याला लष्करात तरी पोटभर मिळेल म्हणून पाठवलं. हर्टफर्डशरमधल्या नॉर्थॉ इथे त्यांना पहारा, गस्त आणि पुढे सुरुंग शोधणं शिकवलं जाई. जर्मनांनी लाकडी डब्यांचे सुरुंग पेरायला घेतल्यावर लोखंड शोधणारी यंत्रं फसू लागली. कुत्र्याचं नाक फसत नव्हतं.

खान हा अल्सेशियन. सरेमधल्या टॉलवर्थच्या रेल्टन कुटुंबाने तो दिला, आणि घरातल्या आठ वर्षांच्या मुलाचा त्याच्यावर फार जीव होता. नोव्हेंबर १९४४ मध्ये हॉलंडच्या वाल्खेरेन बेटावर रात्री उतरताना होडीवर गोळा पडला. खान पोहून काठाला लागला. त्याचा हँडलर मल्डून याला पोहता येत नव्हतं; चिखलात आणि पाण्यात तो बुडत होता. तोफांच्या माऱ्यात खान परत पाण्यात शिरला, अंधारात त्याला शोधलं आणि कॉलरला धरून ओढत काठावर आणलं. युद्ध संपल्यावर मल्डूनने खान आपल्याला मिळावा म्हणून अर्ज केला, पण घरच्यांना तो परत हवा होता. खान टॉलवर्थला गेला. पुढे पदक मिळवलेल्या कुत्र्यांच्या एका संचलनात खानबरोबर चालायला मल्डूनला बोलावलं. माणसांच्या गर्दीत खानने त्याला हेरलं, दोरी हिसकून तो त्याच्या अंगावर झेपावला. ते पाहिल्यावर रेल्टन कुटुंबाने खान त्याला देऊन टाकला.

"आणि त्या मुलाचं काय?" भाचीच्या मुलाने विचारलं. तो नऊ वर्षांचा आहे.

भाची म्हणाली, "तो तोपर्यंत मोठा झाला असेल रे, तेरा वर्षांचा."

"म्हणून काय झालं? कुत्रा त्याचा होता."

मग मी रिकीचं सांगितलं. तो वेल्श मेंढपाळी कुत्रा, केंटमधल्या ब्रॉम्लीच्या एका बाईंनी दिलेला. डिसेंबर १९४४ मध्ये हॉलंडमध्ये नेडरवेर्टजवळ कालव्याच्या काठावरचे सुरुंग शोधताना एक फुटला, तुकडीचा प्रमुख मेला आणि रिकीच्या डोक्याला इजा झाली. आजूबाजूला सुरुंगच सुरुंग. कुत्रा बावरून पळाला असता तर माणसंही उडाली असती. तो शांत राहिला आणि हँडलर त्याला घेऊन बाहेर पडेपर्यंत काम करत राहिला. युद्धानंतर लष्कराने तो विकत मागितला आणि कुत्र्यासाठी देता येईल तेवढी सगळ्यात जास्त रक्कम पुढे केली. बाईंनी नकार दिला.

मुलगा म्हणाला, "बरोबर केलं तिने."

भाचीला ते पटलं नाही. तिच्या मते खान जसा स्वतः मल्डूनकडे गेला तसं रिकीलाही त्याच्या हँडलरकडे जाऊ द्यायला हवं होतं. पोहे गार होईपर्यंत दोघांचा वाद चालला. मला विचाराल तर मी मुलाच्या बाजूची. मल्डूनचा हक्क मला कळतो, तो जिवाच्या बदल्यात मिळालेला हक्क होता. पण ब्रॉम्लीच्या त्या बाईंनी कुत्रा दिला तेव्हा परत देण्याचा करार झाला होता, आणि १९४५ मध्ये किती घरांना दिलेलं परत मिळालं होतं? सहा महिने रोगप्रतिबंधक विलगीकरणात काढून रिकी आपल्या घरी गेला, आणि १९४७ च्या मार्चमध्ये त्याचं पदक घ्यायला त्या बाईच त्याला घेऊन आल्या.